सोबतीचं टेंडर

१२ जानेवारी

बारक्या,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट न फोडताच टाकून दिलं नसशील, तर पुढचं वाच.

सहा वर्षांनी लिहिते आहे, म्हणून आधी घरचं सांगते. मामीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. उजव्याने चांगलं दिसतं. डाव्याने माणूस दिसतो, पण तो हसतोय की रागावलाय ते कळत नाही म्हणते. मी म्हटलं, मला तर धड दोन डोळे असून कळत नाही. त्यावर बराच वेळ हसत होती. तुझा पत्ता तिच्याकडूनच घेतला. तुमचं फोनवर बोलणं होतं हे मला माहीत आहे. मी खोलीत आले की ती 'रॉंग नंबर' म्हणून फोन ठेवते. रॉंग नंबरशी वीस-वीस मिनिटं बोलणारी ती एकटीच असेल.

मामा ठीक आहेत. खाली ऑफिस, वर घर, सगळं तसंच आहे. तुझ्या खोलीत आता जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्यात.

आता कामाचं. गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला, टेंडरांतली संगनमतं शोधणाऱ्या स्पर्धा आयोगाची चार माणसं ऑफिसात आली. त्यांच्याकडे झडतीचा कागद होता. दोन्ही कॉम्प्युटर, गेल्या आठ वर्षांच्या टेंडरांच्या फायली, माझ्या दरांच्या वह्या, झेरॉक्स मशीनसुद्धा घेऊन गेले. मशीनच्या आत म्हणे सगळं साठून राहतं. मामांनी त्यांना चहा विचारला, त्यांनी नको म्हटलं. त्यांच्यात एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, "दर कोण काढतं?" मी म्हटलं, "मी. बावीस वर्षं मीच काढते."

त्याच दिवशी, त्याच वेळी, बाकीच्या चार ठेकेदारांकडेही अशीच माणसं गेली होती.

तुलाही कदाचित त्यांचा फोन येईल. पाण्याच्या टाकीच्या टेंडरचं वगैरे विचारतील. तू सांग की आता नीट आठवत नाही. खोटं बोल असं मी म्हणत नाही. सहा वर्षांत माणूस विसरतोच. जुनं उकरून कोणाचंच भलं होणार नाही. आईबाबा गेल्यावर मामांनी आपल्याला घरात घेतलं, तुला इंजिनिअर केलं. ते आता सत्तरीचे झालेत. एवढं तू करशील अशी खात्री आहे.

ताई

२० जानेवारी

बारक्या,

मागच्या पत्राचा शेवट मामांनी सांगितला होता. मी लिहीत असताना ते खुर्चीमागे उभे होते. 'एवढं तू करशील अशी खात्री आहे' हे वाक्य तुला माझं वाटलंच नसणार. मला तुझ्याबद्दल कसली खात्री असणार? माझा काय हक्क आहे?

आज मामा वकिलाकडे गेलेत, म्हणून माझं मी लिहिते आहे.

तू साइटवर असायचास. फरशीवाल्याच्या दुकानाच्या माडीवर काय चालायचं ते तुला अर्धंच माहीत आहे. पाच ठेकेदार महिन्यातून एकदा तिथे जमायचे. फरशीवाला पाचांतलाच एक, त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या ठेकेदाराचा मेहुणा. वर बसायला खुर्च्या तीनच, त्यामुळे दोघं जण विक्रीला ठेवलेल्या बाथटबच्या काठावर टेकून बसायचे. सरकारी कामाची कोणती टेंडरं निघणार ते वाचायचं आणि कोणाचा नंबर ते ठरवायचं. ज्याचा नंबर, त्याने त्याला परवडेल तो आकडा भरायचा. बाकीच्यांनी त्याला सोबत द्यायची, म्हणजे मुद्दाम चढे आकडे भरून हरायचं. वरून बघणाऱ्याला वाटावं की पाच जण जिवाच्या आकांताने भांडतायत.

ही सोबतीची टेंडरं मी लिहायचे. फक्त आपली नाही, पाचही जणांची. मामांनीच मला पुढे केलं. "माझी भाची दर काढण्यात पक्की आहे, एका हातून झालं की घोळ होत नाही." एकाच टेबलावर बसून मी पाच शत्रूंची पत्रं लिहायचे. एकाला सिमेंट महाग दाखवायचं, दुसऱ्याला मजुरी, तिसऱ्याला वाहतूक. खोटं वाटू नये म्हणून खोटेपणा वाटून द्यायचा. त्यात मी हुशार होते. तुला काय लपवायचं, मला ते काम आवडायचं.

पकडलं गेलं तेही माझ्याच हाताने. शाळांच्या छपरांचं टेंडर होतं. कामांच्या यादीत चौदानंतर मी थेट सोळा लिहिलं, पंधरा राहिला. आणि तीच यादी तीन ठेकेदारांच्या नावावर गेली. तिघेही चौदावरून सोळावर उडी मारतात, असं त्या अधिकारी बाईंच्या लक्षात आलं. काल त्यांनी मला बोलावून ते तीन कागद समोर ठेवले. खोलीत एक टेबल, पाण्याचा जग आणि न उघडणारी खिडकी.

"तीन कंपन्यांना एकाच वेळी पंधरा आकडा विसरायला झालं?" त्यांनी विचारलं.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

"काय आठवत नाही? पंधरा?"

मामांनी आम्हा दोघांना एकच वकील दिलाय. 'आठवत नाही' त्यानेच शिकवलं. मी ते एकोणतीस वेळा म्हटलं. शेवटी त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "कायद्यात एक सोय आहे," त्या म्हणाल्या. "या टोळीतला जो सगळ्यात आधी येऊन सगळं सांगेल, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. दुसऱ्याला थोडी सवलत, मग उरलेल्यांना काही नाही. विचार करा, पण फार दिवस करू नका."

मी घरी येऊन मामांना हे शब्दाला शब्द सांगितलं. ते म्हणाले, "आपण एकमेकांना सोडून जाणारी माणसं नाही." मला बरं वाटलं, बारक्या. मला खरंच बरं वाटलं.

ताई

१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी चार शब्द: 'माझा आकडा कोणी फोडला?'

तू सही केली नाहीस. चालेल.

कशी सुरुवात करू? मामांचं घर सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर टाकीचं टेंडर तू एकट्याने, कोणाच्या नंबराची पर्वा न करता भरलं होतंस. तुझा आकडा माडीवरच्या मंडळींनी ठरवलेल्या आकड्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होता. टेंडरांची पेटी उघडली तेव्हा मोठ्या ठेकेदाराचा आकडा तुझ्याहून जेमतेम अर्ध्या टक्क्याने खाली निघाला. पाकीट आधीच कोणीतरी उघडलं, असं तुला वाटलं. पेटी ज्यांच्या ताब्यात असायची, त्या बाबूंवर तू तक्रार केलीस. आपण त्यांना पेटीवाले म्हणायचो, तेच ते. चौकशी झाली, सिद्ध काही झालं नाही, पण किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांना नोकरीवरून काढलं.

ऑफिसचं झेरॉक्स मशीन नेलं म्हणून मी परवा कोर्टामागच्या गल्लीतल्या दुकानात गेले. मशीनमागे पेटीवाले उभे होते. पाच वर्षं तिथेच आहेत म्हणे. केस पूर्ण पांढरे झालेत. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मला बघून त्यांनी आधी माझे कागद नीट एकसारखे केले, मगच बोलले.

"ताई, भाऊ कुठे असतो?"

"लांब असतो. नोकरी करतो."

"बरं आहे ना त्याचं?"

"बरं आहे."

"त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावरच संशय घेतला असता." मशीनचं झाकण लावत ते म्हणाले, "फक्त मुलीच्या सासरचे अजून अधूनमधून विचारतात, की नक्की काय झालं होतं. आता मलाच ठाऊक नाही, तर मी काय सांगू?"

मी कागद घेतले आणि आले. येताना टाकीच्या रस्त्याने आले. मोठ्या ठेकेदाराने काम घेतलं, पहिला हप्ता उचलला, चार खांब उभे केले आणि सोडून दिलं. सहा वर्षं खांबच आहेत. त्या वस्तीतल्या बायका अजून टँकरपाशी रांगेत भांडतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पेटीवाल्यांनी केलं नाही, एवढं मात्र धरून चाल.

ताई

११ फेब्रुवारी

बारक्या,

आज सरळ लिहिते.

सोमवारी मला पुन्हा बोलावलं. या वेळी वकील आला नाही. ताप आलाय म्हणाला. अधिकारी बाईंनी कोणाचा तरी जबाब काढला, नावावर कागदाची पट्टी चिकटवली आणि एक परिच्छेद माझ्यासमोर धरला. त्यात लिहिलं होतं: 'दर ठरवणं, इतर ठेकेदारांशी संपर्क ठेवणं, त्यांचे कागद तयार करणं, हे सर्व एक बाई परस्पर पाहत. त्या आमच्या घरातल्याच असल्यामुळे मी कधी वही उघडून पाहिली नाही. सांगायचं तात्पर्य, माझा विश्वास होता.'

'सांगायचं तात्पर्य.' नावावर पट्टी लावून काय उपयोग? बावीस वर्षं मी हे दोन शब्द जेवताना ऐकतेय.

तारीख झाकलेली नव्हती. झडती सोमवारी झाली होती, जबाब मंगळवारचा होता. मामा दुसऱ्याच दिवशी जाऊन माफीचा पहिला नंबर लावून आले होते; बाईंनी मला ती सोय सांगितली तेव्हा तो गेलेलाच होता. त्यानंतर चार दिवसांनी खुर्चीमागे उभं राहून त्यांनी मला तुझं पत्र सांगितलं. साक्षीदाराला 'आठवत नाही म्हण' असं सांगणारं पत्र, माझ्या हातचं, माझ्या सहीचं. ते पत्र जपून ठेव. आयोगाने मागितलं तर दे. मी लिहिलंय, तेव्हा माझंच आहे.

घरी आले तर मामा पेपर वाचत होते. मी विचारलं, "माफी कंपनीला मिळते तेव्हा तिच्या लोकांनाही मिळते म्हणे. तुमच्या यादीत माझं नाव का नाही?"

ते दचकले नाहीत. पेपराची घडी घातली. "यादी पगारी लोकांची होती," ते म्हणाले. "तू कुठे पगारावर आहेस?"

खरं आहे. मला पगार कधी नव्हताच. घरखर्चाला हात पसरायचा आणि हवं ते मिळायचं. हजेरीच्या रजिस्टरात शिपायाचं नाव आहे, माझं नाही.

"तुला मी कधी नोकर मानलं का?" मामा म्हणाले.

"नाही मानलंत."

"मग?"

सगळ्यात वाईट काय माहीत आहे? त्यांना हे मनापासून वाटतं. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. कंपनी वाचली म्हणजे घर वाचलं, घर वाचलं म्हणजे मी वाचले, असा त्यांचा हिशेब. मधल्या मध्ये दंड भरायला आणि बदनाम व्हायला माणूस उरतो, तो मी आहे, एवढीच एक ओळ त्यात लिहायची राहिली.

मामी आतून सगळं ऐकत होती. मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायला गेले, तर म्हणाली, "तू जा इथून."

"तुला सोडून कशी जाऊ?"

"माझ्यावर ढकलू नकोस," ती म्हणाली. "मी आंधळी होते तेव्हाही मला दिसत होतं. तुला जायचंच नव्हतं."

म्हणून आता तुझ्या चार शब्दांचं उत्तर. आकडा मी फोडला.

टेंडर भरायच्या आदल्या दिवशी दुपारी तू फोन केलास. नेहमीसारखा. दर काढायला मीच तुला शिकवलं होतं. घर सोडून गेलास तरी पाकीट बंद करण्याआधी एकदा मला वाचून दाखवायचास. मी सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मामा शेजारच्या टेबलावर जेवत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती धरलंय त्याने?"

त्यांनी धमकी दिली नाही. आवाजही चढवला नाही. मी 'माहीत नाही' म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. मी आकडा सांगितला. रुपयापर्यंत सांगितला.

का, ते मी सहा वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मामांची भीती, उपकार, मामीचे डोळे, ही सगळी कारणं मी आलटून पालटून वापरली. खरं एवढंच, की तू गेल्यावर मी त्या घरात एकटी पडले होते. तुझं चाललं असतं तर तू परत आला नसतास. तू हरशील, थोडा रुसशील आणि तुझ्या खोलीत परत येशील, असं मला वाटलं होतं. मंडळी तुझ्या पुढच्या दोन टेंडरांनाही आडवी येतील, तुला मशिनं विकावी लागतील, हे मला कळायला हवं होतं. पेटीवाल्यांचा तर विचारच मनात आला नव्हता. दाराला कुलूप घातलं, बारक्या, आणि तू बाहेरच राहिलास.

ताई

३ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. त्याची वाट बघत मी थांबले नाही, हे एक बरं केलं.

आयोगाकडे जायच्या आधी मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, जसं तुला लिहिलं तसं. पेटीवाल्यांनी मशीन बंद केलं. म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. मग मशीनची काच हाताने पुसली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असं वाटतही होतं.

ते म्हणाले, "लिहून द्याल?"

मी तिथल्याच स्टुलावर बसून लिहून दिलं. त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि तीन प्रती काढल्या. एक फायलीला, एक मुलीच्या घरी पाठवायला. तिसरी कोणासाठी, असं मी विचारलं. "मला," ते म्हणाले. "अधूनमधून वाचायला." मग एवढंच म्हणाले, "आता तुम्ही जा, ताई. मला तुमच्याकडे बघवत नाही." मी गेले.

आयोगात जबाब द्यायला दोन दिवस लागले. अधिकारी बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "माफी आता उरलेली नाही. फार तर दंड थोडा कमी होईल, तोही नक्की नाही. समजून बोलताय ना?" मी म्हटलं, "आता सगळं आठवतंय." त्या हसल्या नाहीत, पण पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला. पाचही ठेकेदार, बारा वर्षं, एकेचाळीस टेंडरं. कोणत्या कामात कोणी कोणाला सोबत दिली, ते वह्या न बघता सांगितलं. मी हे सगळं मामांच्या नकळत परस्पर पाहत होते, हे खोटं आहे, तेही सांगितलं. खोटा जबाब दिला असेल तर त्यांची माफी जाऊ शकते. ते आयोग ठरवेल.

मामांना संध्याकाळी मीच सांगितलं. ते जेवत होते. हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "माझ्या घरात राहून?"

"हो," मी म्हटलं. "दुसरीकडे कुठे राहणार? तुम्हीच तर कुठे जाऊ दिलं नाहीत. आणि मी गेलेही नाही."

त्यांनी मला बाहेर काढलं नाही. काढतील असं तुला वाटलं असेल, मलाही वाटलं होतं. एका अर्थी काढलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही तिघं एकाच टेबलावर जेवतो. मामी डाव्या डोळ्याने मामांकडे बघते, म्हणजे चेहरा दिसायला नको. मामा माझ्याशी तिच्यामार्फत बोलतात. परवा सरकारी दवाखान्याच्या भिंतीचं टेंडर आलं. मंडळी पांगलेली, माडीला कुलूप, नंबर कोणाचाच नाही. मामा कागद घेऊन दोन तास बसले आणि शेवटी मामीला म्हणाले, "तिला विचार, एवढ्या भिंतीला खरा खर्च किती येतो."

बारक्या, मला सांगता आलं नाही. तुझे फोन थांबल्यापासून सहा वर्षं मी फक्त ठरलेले आकडे लिहिले. वीट खरी कितीला पडते हे बाजारात जाऊन विचारावं लागेल. मी म्हटलं, माहीत नाही. मामांना वाटलं सूड घेतेय. मी खरंच सांगत होते.

मी शेजारच्या गावात खोली बघून आले. एक खिडकी आहे, ती उघडते. अजून गेले नाही. मामीला एकदा विचारलं, येतेस का. ती म्हणाली, "आधी तू जाऊन दाखव." बॅग भरलेली नाही. खोटं कशाला सांगू?

सुनावणी एकोणीस तारखेला आहे. तुला साक्षीला बोलावणं येईल. टाकीच्या टेंडरबद्दल मी जबाबात एक गोष्ट मुद्दाम घातली आहे, ती तू तिथे ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. त्या दुपारी फोनवर तुझे दर ऐकून मी म्हटलं होतं, 'जरा कमी वाटतंय, अंगावर येईल.' मंडळीही सगळीकडे तेच बोलत सुटली, की पोराला हिशेब येत नाही, काम मिळालं असतं तरी बुडालाच असता. मामी सांगते, तू अजूनही कधीकधी ते गणित काढून बसतोस, कुठे चुकलं ते शोधत.

फोन ठेवल्यावर मी ते ओळीने तपासलं होतं. खांब, सळई, टाकीचं काँक्रीट, पाया, मजुरी, सगळं. दोनदा तपासलं.

तुझं कुठे चुकलं नव्हतं. तेवढ्यात टाकी झाली असती, आणि चांगली झाली असती.

ताई